घट नाही हे कशावरून? पाण्यावरची गस्त आणि अनुदानाच्या अटी

मागच्या व्याख्यानात आपण विश्वास आणि पुरावा यांच्या नात्याबद्दल बोललो. ते संपल्यावर दोघातिघांनी सांगितलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण रोजच्या व्यवहारातलं एखादं उदाहरण घेऊन बोला." म्हणून आज आम्ही उदाहरण घेऊन आलो आहोत. विषय ऐकून जरा नवल वाटेल. अमेरिकेत तलावांवर, नद्यांवर, खाड्यांमध्ये हौशी लोक बोटी चालवतात. त्यांच्यावर स्थानिक पोलिसांची गस्त असते. त्या गस्तीला वरून पैसा मिळतो आणि पैशाबरोबर अटी येतात. त्या अटी काय आहेत, तशाच का आहेत, आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात रस का वाटावा, हे आज बघायचं आहे.

सुरुवात घरच्या गोष्टीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलीकडे सिएटलला गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस. जावईबापूंनी समामिश नावाच्या तलावावर एक छोटी मोटरबोट भाड्याने घेतली. बोट देणाऱ्याने सुरक्षेची एक यादी वाचून दाखवली, जावईबापूंनी खाली सही केली. आम्ही कोणी ती यादी ऐकली नाही, खरं सांगायचं तर डोंगर बघत होतो. पाण्यात गेल्यावर अर्ध्या तासात आमच्या सात वर्षांच्या नातवाने लाईफ जॅकेट काढून टाकलं. मानेला काचतं म्हणाला. आजीनेच बंद सोडून दिले.

थोड्या वेळाने शेरीफच्या खात्याची गस्तीबोट जवळ आली. शेरीफ म्हणजे तिथल्या काउंटीचा, आपल्याकडच्या भाषेत साधारण जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख. बोटीवरच्या अधिकाऱ्याने हसून नमस्कार केला आणि आधी मुलाकडे बोट दाखवलं. वॉशिंग्टन राज्यात १९ फुटांहून लहान बोट चालू असताना बारा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या अंगात जॅकेट असावंच लागतं. नुसतं बोटीत असून चालत नाही. मग त्याने माणसं मोजली, जॅकेटं मोजली, आग विझवण्याचं नळकांडं पाहिलं, कागद पाहिले. दंड केला नाही, समज दिली. हातातल्या तक्त्यावर खुणा केल्या आणि गेला. सगळं मिळून दहा मिनिटं.

आम्हांला थोडा रागच आला होता. सहलीचा रंग गेला, असं वाटलं. आम्ही म्हणालो, "एवढ्या तलावात याला आम्हीच सापडलो?" जावईबापू म्हणाले, "बाबा, त्यांना हे मोजून वर कळवावं लागतं. पैसा त्यावर येतो." तेव्हा ते वाक्य आम्हांला खटकलं. म्हणजे हा माणूस आमच्या नातवासाठी आला होता, की तक्त्यासाठी? परत आल्यावर आम्ही ते नियम वाचत बसलो. निवृत्त माणसाला वेळ असतो. आणि वाचता वाचता लक्षात आलं की प्रश्न आम्ही समजलो होतो तेवढा सोपा नाही.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू. अमेरिकेत १९५० साली एक कायदा झाला. मासेमारीच्या गळ, दोऱ्या, रिळं अशा साहित्यावरचा कर मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना द्यायचा, अशी त्याची व्यवस्था. १९७१ साली बोटसुरक्षेचा केंद्रीय कायदा आला आणि हौशी बोटींच्या सुरक्षेसाठी राज्यांना अनुदान द्यायचं ठरलं. पुढे १९८४ साली या दोन धारा एकत्र आल्या. बोटींच्या इंजिनात जे पेट्रोल जळतं त्यावरचा कर आणि गळ-रिळांवरचा कर एका निधीत जमा होऊ लागला, आणि त्या निधीचा एक हिस्सा कोस्ट गार्डच्या मार्फत राज्यांच्या बोटसुरक्षा कार्यक्रमांकडे जाऊ लागला. म्हणजे जो पाण्यात बोट घालतो त्याच्याच खिशातून त्याच्या रक्षणाचा पैसा निघतो. आपल्या जकातीसारखं नाही, की कोणी कशावर भरली आणि कुठे गेली याचा पत्ता नाही. इथे भरणारा आणि लाभ घेणारा एकच.

आता राज्याला हा पैसा हवा असेल तर कायदा त्याच्याकडे पाच गोष्टी मागतो. एक, बोटींना क्रमांक देण्याची मान्य पद्धत हवी. दोन, कोस्ट गार्डशी सहकार्याची व्यवस्था हवी. तीन, कायदे पाळले जातील इतकी पुरेशी गस्त हवी. चार, लोकशिक्षण हवं, आणि त्यात दारू किंवा अमली पदार्थ घेऊन बोट चालवण्याचे धोके सांगितलेले हवेत. पाच, अपघातांची नोंद करून ती वर कळवण्याची मान्य पद्धत हवी. ही पाचवी अट लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानाचा सगळा भार तिच्यावर आहे.

पैसा वाटायचं सूत्रही साधं आहे. एक तृतीयांश रक्कम सर्व राज्यांना सारखी. एक तृतीयांश, राज्यात क्रमांक दिलेल्या बोटी किती त्या प्रमाणात. उरलेली तृतीयांश, राज्याने स्वतःच्या खिशातून या कामावर किती खर्च केला त्या प्रमाणात. शिवाय केंद्राचा वाटा एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. निम्मे तुम्ही घाला, मग निम्मे आम्ही. आणि मिळालेली रक्कम तीन वर्षांत कामाला लावली नाही, तर ती हातची जाते.

हे झालं केंद्र आणि राज्य यांच्यातलं. पण सगळी गस्त राज्य थोडंच घालतं? गस्त घालतो तो स्थानिक शेरीफ, शहराचं पोलीस खातं, कुठे कुठे अग्निशमन दल. तेव्हा राज्य पुन्हा खाली अटी घालतं. वॉशिंग्टन राज्याचंच उदाहरण घेऊ. तिथे बोट नोंदवताना मालक जे शुल्क भरतो त्यातली ठरावीक रक्कम राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जाते. त्यावरचा पैसा काउंट्यांना मिळतो, पण सगळ्यांना नाही. ज्या काउंटीचा बोटसुरक्षा कार्यक्रम राज्याच्या उद्यान आयोगाने मंजूर केला आहे, तिलाच. काउंटीतल्या एखाद्या शहराचा स्वतःचा मंजूर कार्यक्रम असेल, तर काउंटीने त्यालाही न्याय्य वाटा द्यायचा.

मंजुरीसाठी काय लागतं? पाण्यावर प्रत्यक्ष गस्त लागते. गस्त घालणारे अधिकारी जलक्षेत्रातल्या कायदेपालनाचं प्रशिक्षण घेतलेले लागतात. रस्त्यावर चांगलं काम करणारा पोलीस पाण्यावर तसाच काम करील असं नाही. बोटीला ब्रेक नसतो, थांबवलेली बोटही वाहत राहते, आणि दारू प्यालेला माणूस व डुलणाऱ्या बोटीवर उभा असलेला शुद्धीतला माणूस दोघेही सारखेच झुकतात. मग बोटींची तपासणी लागते, लोकशिक्षण लागतं, अपघातांचे अहवाल लागतात, आणि वर्षाअखेरी केलेल्या कामाचा हिशेब लागतो.

याशिवाय दोन अटी पैशाच्या आहेत. पहिली, हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि फक्त बोटसुरक्षेवर खर्च करायचा. दुसरी अट अशी: या कामावर काउंटी आधीपासून स्वतःचा जो पैसा खर्च करत होती, त्याच्या जागी हा पैसा वापरायचा नाही.

ही दुसरी अट जरा समजावून घेऊ, कारण अनुदानाच्या जगातली ती फार शहाणी अट आहे. समजा, आजोबांनी नातवाला पुस्तकांसाठी महिन्याला पाचशे रुपये देऊ केले. त्याचा बाप आधीपासून पुस्तकांवर पाचशे खर्च करत होता. आता बाप विचार करतो, आजोबा देताहेत ना, मग आपले पाचशे वाचले. तो ते पैसे हॉटेलात घालवतो. हिशेब मागितला तर आजोबांचे पाचशे पुस्तकांवरच गेलेले दिसतील. पावती आहे, कुठे लबाडी नाही. पण मुलाच्या कपाटात पुस्तक एकही वाढलं नाही. आजोबांनी पैसे दिले पुस्तकांसाठी आणि प्रत्यक्षात खर्च उचलला हॉटेलचा. कागदावर पैसा कुठे गेला आणि जगात काय बदललं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ही अट दुसरा प्रश्न विचारते. तुमच्या आधीच्या कामात भर पडली का? केंद्राची निम्म्याची अटही त्याच जातीची आहे. ज्याचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो तो काम जरा मन लावून करतो, हा अनुभव घरात आणि सरकारात सारखाच आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तो अधिकारी तक्त्यासाठी आला होता का?

मोजण्यात एक मोठा धोका असतो. गस्तीचे तास मोजता येतात. तपासलेल्या बोटी मोजता येतात. दिलेल्या समजा, केलेले दंड मोजता येतात. पण या सगळ्याचा हेतू काय? लोक बुडू नयेत. आणि न बुडालेला माणूस मोजता येत नाही. तो संध्याकाळी घरी जातो, जेवतो, झोपतो. आपण वाचलो हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. मग काय होतं, की ज्याला मोजता येतं तेच हळूहळू हेतूच्या जागी जाऊन बसतं. सकाळी धक्क्यावर उभं राहून शिस्तीच्या, सगळी कागदपत्रं जवळ असलेल्या वीस बोटी तपासणं सोपं आहे. रात्री अंधारात दिवे न लावता भरधाव जाणारी एक बोट शोधणं कठीण आहे. तक्त्यात पहिल्याचे वीस गुण, दुसऱ्याचा एक. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. उत्तरदायित्वाच्या नावाखाली मोजमापं वाढत जातात, आणि शिक्षक, डॉक्टर, पोलीस ज्या कामासाठी असतात त्या कामापासूनच दूर ढकलले जातात, असं त्यांचं म्हणणं.

मग मोजणं सोडून द्यावं का? चांगली माणसं नेमावीत आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा? पुष्कळांना हे पटतं. आम्हांलाही त्या तलावावर क्षणभर तसंच वाटलं होतं. पण इथे आपल्याकडची एक जुनी चर्चा कामाला येते.

अभाव कसा कळतो, हा भारतीय तत्त्वज्ञानातला एक गाजलेला वाद आहे. नेहमीचं उदाहरण घटाचं. जमिनीवर घट नाही. हे मला कशाने कळलं? डोळ्यांनी जमीन दिसली, पण 'घट नाही' हे कुठे दिसलं? कुमारिलभट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, न दिसणं हेच इथे एक स्वतंत्र प्रमाण आहे. त्याला त्यांनी अनुपलब्धी म्हटलं. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभावाचंही प्रत्यक्षच होतं. हा वाद शतकानुशतकं चालला. त्यात आज आपल्याला जायचं नाही. पण एका मुद्द्यावर दोन्ही पक्ष एकत्र येतात, आणि तोच आपल्या कामाचा आहे.

तो मुद्दा योग्यतेचा. नुसतं दिसलं नाही म्हणून वस्तू नाही असं म्हणता येत नाही. खोलीत अंधार आहे, घट दिसत नाही. म्हणून घट नाही का? नाही म्हणता येत. समजा, पिशाच्च दिसत नाही. म्हणून ते नाही, असंही सिद्ध होत नाही, कारण ते असतं तरी दिसलं नसतं. वस्तू जर तिथे असती तर दिसलीच असती, एवढी खात्री असेल, तरच न दिसण्याला पुराव्याची किंमत येते. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर आधी दिवा लावा, मग सांगा घट नाही.

आता हे आपल्या तलावावर आणा. एखादा शेरीफ वर्षाअखेरी लिहितो: आमच्या तलावात यंदा गंभीर अपघात नाही. घट नाही. याला किंमत कधी? अपघात झाला असता तर तो नोंदला गेलाच असता, अशी व्यवस्था असेल तेव्हा. ती नसेल, तर तो अहवाल म्हणजे अंधाऱ्या खोलीतून दिलेली हाक. पाचवी अट लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती या दिव्याची अट आहे.

हा दिवा कसा आहे ते बघा. अपघातात माणूस २४ तासांत दगावला, कोणी बेपत्ता झालं, किंवा प्रथमोपचाराने भागणार नाही इतकी दुखापत झाली, तर बोट चालवणाऱ्याने ४८ तासांत अहवाल द्यायचा. फक्त मालमत्तेचं नुकसान असेल आणि ते २,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बोट पूर्ण गेली असेल, तर १० दिवसांत. राज्याने तो अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत कोस्ट गार्डकडे पाठवायचा. त्यात विचारलेलं असतं: अंगात जॅकेट होतं का, चालवणाऱ्याने शिक्षण घेतलं होतं का, दारूचा संबंध होता का, हवा कशी होती, वेग किती होता. देशभर सारखेच प्रश्न. म्हणून फ्लोरिडातला अपघात आणि वॉशिंग्टनमधला अपघात एका ओळीत मांडता येतात.

पण इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. आपल्या तलावातले अपघात वर कळवणं म्हणजे आपलंच अपयश स्वतःच्या हाताने लिहून पाठवणं. ज्याला पैसा हवा आहे तो असं मनापासून करील का? शाळेचा निकाल वाईट लागला तर अनुदान तुटतं, हे माहीत असलेल्या मुख्याध्यापकाला आपण विचारून पाहावं.

आता मघाचं पैसे वाटायचं सूत्र पुन्हा आठवा. एक तृतीयांश सगळ्यांना सारखं, एक तृतीयांश बोटींच्या संख्येवर, एक तृतीयांश स्वतः केलेल्या खर्चावर. यात अपघातांचा आकडा कुठे आहे? कुठेच नाही. अपघात कमी झाले म्हणून बक्षीस नाही. जास्त झाले म्हणून कात्री नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हांला हे सूत्र आळशी वाटलं होतं. परिणाम पाहतच नाही, म्हटलं. मग लक्षात आलं की त्याचा एक फार चांगला परिणाम होतो. पैसा अपघाताच्या आकड्याला बांधला असता, तर पहिल्याच वर्षी आकडे सुधारले असते. तलाव सुधारला नसता. अट आहे ती सांगण्याची. सांगितलेल्या गोष्टीची शिक्षा नाही. दिवा लावायची सक्ती, पण दिव्यात जे दिसेल त्याचा दंड दिवा लावणाऱ्याला नाही.

ही व्यवस्था पूर्ण आहे असं नाही. लहानसहान अपघात पुष्कळदा कळवलेच जात नाहीत, हे खुद्द कोस्ट गार्डही मान्य करतं. मृत्यू लपत नाही, पण दोन बोटी घासल्या आणि दोघे आपापल्या घरी गेले, तर कोण कळवतो? तेव्हा दिव्याचा उजेड कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. पण मधली जमीन दिसते.

आणि जी दिसली तिच्यावर काय दिसलं? २०२३ सालचा कोस्ट गार्डचा अहवाल घ्या. हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण जिथे कळलं त्यांतली ७५ टक्के बुडून. आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्याबद्दल नोंद होती त्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. चालवणाऱ्याच्या शिक्षणाची माहिती जिथे होती, तिथले सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू अशा बोटींवर झाले, ज्यांच्या चालवणाऱ्याने सुरक्षेचं कसलंही शिक्षण घेतलेलं नव्हतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच मृत्यूंचा आकडा एका वर्षात १,७०० च्या वर गेला होता, आणि तेव्हा नोंदवलेल्या बोटी आजच्यापेक्षा बऱ्याच कमी होत्या. सगळं श्रेय गस्तीला देता येणार नाही. बोटी बदलल्या, जॅकेटं हलकी झाली, लोक शिकले. पण कुठे जोर लावायचा हे कळलं ते नोंदींमुळे.

आता ८७ टक्के हा आकडा ऐकल्यावर आमच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? मानेला काचणारं ते जॅकेट आणि बंद सोडणारे आजीचे हात. तो अधिकारी सगळ्यात आधी मुलाकडे का वळला, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. त्याच्या हातातला तक्ता त्याला कोणी तरी बुडालेल्या माणसांच्या नोंदींवरून बनवून दिला होता. 'नातवासाठी की तक्त्यासाठी' हा आमचा प्रश्नच चुकला होता. तक्ता नीट बनवलेला असेल तर या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत.

आता थोडं घराकडे वळू. तिथली हौशी बोटींची व्यवस्था आणि आपल्याकडची प्रवासी वाहतूक यांची सरळ तुलना होत नाही, हे आधी कबूल करतो. पण पाणी तेच आणि माणसंही तशीच. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान वादळात बोट उलटली आणि सहा जण गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ माणसं गेली. त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. दुर्घटनेनंतर सक्ती होते, हा आपला जुना अनुभव आहे. दुर्घटनेआधी ती व्हायची तर आधीच्या शंभर छोट्या घटना कुठे तरी लिहिलेल्या असाव्या लागतात.

आपल्याकडे नोंद अजिबात नाही असं नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग अपघाती मृत्यूंची आकडेवारी प्रसिद्ध करतो, त्यात बुडून झालेल्या मृत्यूंत बोट उलटून किती हे वेगळं दिलेलं असतं. पण त्या तक्त्यांत मृत्यू असतो. अंगात जॅकेट होतं का, बोटीत क्षमतेपेक्षा माणसं जास्त होती का, चालवणाऱ्याला कोणी शिकवलं होतं का, याचे रकाने नसतात. किती गेले ते कळतं, का गेले ते कळत नाही. घट फुटल्यावर खापऱ्या मोजल्यासारखं झालं ते.

पैशाच्या अटींचंही तसंच. २००५ साली आपल्याकडे सागरी सुरक्षा योजना सुरू झाली, आणि २६/११ नंतर तिला वेग आला. केंद्राने किनारी राज्यांच्या पोलिसांना बोटी दिल्या, किनारी पोलीस ठाणी उभारायला पैसा दिला. माणसं नेमायची ती राज्यांनी. हेतू वेगळा होता, शत्रूला रोखण्याचा. पण तत्त्व म्हणून पाहा. बोट दिली की ती मोजता येते, फोटो निघतो. ती चालवणारा प्रशिक्षित माणूस, तिचं डिझेल, तिची वर्षानुवर्षांची डागडुजी यांचा फोटो निघत नाही. तिकडच्या अटींत प्रशिक्षित अधिकारी, प्रत्यक्ष गस्त आणि वर्षाचा हिशेब मागितलेला आहे. वस्तू देणाऱ्या योजनेने वस्तूचं काम होतंय का हेही विचारावं लागतं.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "सर, अटी वाढल्या की कागद वाढतात, आणि कागदांनी माणूस वाचत नाही. छोट्या गावाच्या पोलिसांना हे जमेल का?" प्रश्न चांगला आहे. आणि त्यात तथ्य आहे. दोन माणसांच्या खात्याला वीस पानी अहवाल मागणं म्हणजे त्या दोघांना पाण्यावरून उठवून टेबलाशी बसवणं. म्हणून अट घालणाऱ्याने स्वतःला विचारावं की ही माहिती मला कशासाठी हवी आहे. जी नोंद पुढच्या वर्षी कोणाचा तरी जीव वाचवायला उपयोगी पडणार नाही, ती मागू नये. आणि जी पडेल ती सोडू नये, मग ती देणाऱ्याला कितीही लाजिरवाणी वाटो. अटी किती आहेत यापेक्षा त्या कुठे उजेड पाडतात हे पाहावं.

दुसरी चिठ्ठी: "म्हणजे विश्वासाला जागाच नाही का?" आहे ना. तो अधिकारी आम्हांला दंड करू शकत होता. त्याने समज दिली. कोणाला दंड करायचा आणि कोणाला समज द्यायची हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते त्याच्या विवेकावर सोडलेलं होतं. पण त्याच्या विवेकावर राज्याने विश्वास टाकला, कारण वर्षाअखेरी सगळं उजेडात येणार होतं. आंधळा विश्वास फार दिवस टिकत नाही. पहिली दुर्घटना झाली की तो संतापात बदलतो, आणि मग आपण कोणावरच विश्वास ठेवत नाही.

नातू आता मोठा झाला आहे. परवा फोनवर त्याला आम्ही हे व्याख्यान तयार करतोय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, मला तो पोलीस आठवत नाही, पण ते जॅकेट फार काचायचं हे आठवतं." ठीक आहे. त्याला तो पोलीस आठवायची गरज नाही. पुढच्या वेळी आपण विवेक आणि नियम यांच्याबद्दल सविस्तर बोलू. इथे थांबतो.